खाचेचा बोल्ट

उद्यमनगरात माझा लेथ होता, लोखंड कातायचं मशीन. आमच्या त्या गल्ल्यांना एक खोड आहे. बाजारात जाऊन पार्ट मागायचा म्हणजे आम्हाला कमीपणा वाटतो. "इकत कशाला आणतोयस, करू की!" हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडलं नाही तर समजावं की आपण उद्यमनगरात नाही. इंजिनाचा व्हॉल्व्ह असो नाहीतर गुऱ्हाळाच्या चरकाचा दात, नमुना आणून टाका आणि संध्याकाळी नवा घेऊन जा. मला याचा माज होता, आणि तो मी लपवतही नसे. माझ्या उस्तादानं शिकवलं होतं की आपल्या हातचा माल आपल्याला हजारांत ओळखता आला पाहिजे. म्हणून मी प्रत्येक कामाच्या डोक्यावर एक बारीक गोल खाच मारायचो. गिऱ्हाइकाचं तिकडं लक्षही जात नसे. मला मात्र ती बघून बरं वाटायचं.

शेजारचा गॅरेजवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्हा दोघांना घाटातल्या रेसचं वेड लागलं. हौशी लोकांचा खेळ होता. घाटाच्या पायथ्याहून एकेक गाडी सोडायची आणि माथ्यावर घड्याळ घेऊन बसलेल्यानं वेळ लिहायची. ज्याची वेळ सगळ्यांत कमी तो जिंकला. आम्ही दोन वर्षं नुसते कठड्यावर बसून बघत होतो. तिसऱ्या वर्षी दोस्त म्हणाला, "बास झालं बघत बसायचं. आपली गाडी बांधू."

कुठली बांधायची यावर महिनाभर भांडलो. त्याला हवी होती जुन्या जाड पत्र्याची, मागच्या चाकांवर जोर असणारी गाडी. मला हवी होती आठशे सीसीची छोटी. मी म्हणालो, "घाटात ताकदीपेक्षा वजन बघायचं असतंय. जोतिबाचा डोंगर जाडा माणूस आधी चढतोय का बारका?" दोस्त स्वतः क्विंटलभराचा. तो म्हणाला, "जाडा बी चढतोय की, फक्त वाटंत दोनदा खातोय." शेवटी माझं चाललं. चालू गाडी फोडायची आमची ऐपत नव्हती, म्हणून अपघातातली शोधायची असं ठरलं. कुणीतरी सांगितलं की कळंब्यात एक वर्ष-दीड वर्ष तशीच पडून आहे.

गाडी एका बैठ्या घराच्या मागं ताडपत्रीखाली उभी होती. पुढची डावी बाजू आत गेलेली, बाकी पत्रा शाबूत. मालक निवृत्त शिक्षक होते. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट. आम्ही त्यांना पहिल्यापासून गुरुजीच म्हणालो. ते म्हणाले, "मुलाची आहे. वारणानगरला नोकरीला होता, रोज जाऊन येऊन करायचा. घरी येताना सरळ रस्ता सोडून झाडावर गेला." मग नापास झालेल्या पोराबद्दल बोलावं तसं म्हणाले, "वेगाचा नाद होता. किती वेळा सांगितलं. ऐकलं नाही." त्यांच्या मागं दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. एवढं ऐकून त्या आत गेल्या.

मला वाटलं, रेसला हवी म्हटल्यावर हे आपल्याला हाकलून देतील. पण गुरुजी म्हणाले, "भंगारवाल्यानं कापलेली मला बघवणार नाही. चालती करणार असाल तर न्या. फक्त मी अधूनमधून काम बघायला येईन." दोस्तानं हळूच लिंबू उतरायचा विषय काढला. गुरुजी म्हणाले, "आमच्यात तसलं काही नसतं." तेव्हा त्यानं विषय सोडला, पण कळंब्याच्या तळ्यापुढं आल्यावर गाडी ओढणारा ट्रॅक्टर थांबवून त्यानं लिंबू उतरलाच.

मग गाडी सोलायला घेतली. सीट काढल्या, गालिचा काढला, तळाला चिकटवलेलं डांबर छिन्नीनं खरवडलं. काढलेला प्रत्येक तुकडा रद्दीवाल्याच्या काट्यावर घालून आम्ही किती किलो कमी झालं ते खडूनं भिंतीवर लिहायचो. ड्रायव्हरच्या पायाखालच्या रबरी चटईला टाचेच्या जागी एक भोक पडलं होतं. सहज म्हणून मी माझी टाच त्यात ठेवली. बरोबर बसली. मी चटकन पाय उचलला आणि चटई बाहेर फेकून दिली, तेव्हा दोस्त हसला.

चौथ्या का पाचव्या दिवशी पुढचं डावं चाक उतरवलं. चाकाला खालच्या दांड्याशी धरून ठेवणारा एक बॉल जॉइंट असतो आणि तो एका बोल्टनं आवळलेला असतो. जेमतेम बोटभर लांबीचा बोल्ट. तो तुटला की चाक आडवं पडतं, मग स्टिअरिंग कुठंही फिरवा, काही उपयोग नाही. आमच्या गाडीचा तो बोल्ट तुटलेला होता. अर्धा आत अडकला होता, तो मी पंचनं ठोकून काढला, रॉकेलमध्ये धुतला आणि उजेडात धरला. डोक्यावर बारीक गोल खाच होती.

मी तो दाराशी नेला आणि तुटलेलं तोंड निरखून बघितलं.

तुटलेल्या लोखंडाला वाचता येतं. एका दणक्यात तुटलं तर तोंड सगळीकडं सारखं दिसतं. हळूहळू तुटत आलं असेल तर जुना भाग काळपट, गंजलेला असतो आणि शेवटचा तेवढा वेगळा दिसतो. या बोल्टचं पाऊण तोंड काळं होतं. म्हणजे झाडावर आपटायच्या कितीतरी आधीपासून तो आतून चिरत होता. असल्या जागी कडक पोलादाचा, तापवून पाणी दिलेला बोल्ट लागतो. तो केला त्या दिवशी माझ्याकडं तसल्या पोलादाची सळी नसणार, म्हणून मी हाताशी असलेल्या साध्या लोखंडातून कातून दिला असणार. नमुन्यासारखा हुबेहूब. मापात एका केसाचा फरक नसेल, याची मला आजही खात्री आहे.

दोस्तानं बोल्ट हातात घेऊन उलटासुलटा केला. त्यालाही लोखंड वाचता येत होतं. तरी तो म्हणाला, "आपटल्यावर तुटला असंल. टाक तिकडं."

"काळं दिसतंय न्हवं तुला?"

"मला काय बी दिसत न्हाय. आन् तुलाबी दिसू नगं. धंदा हाय आपला, लेका."

मी बोल्ट टाकला नाही. फडक्यात गुंडाळून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवला. त्या दिवसापासून खाच मारणं बंद केलं. पण आधीची वीस वर्षं गावभर हिंडत होतीच. सिग्नलला शेजारी गाडी उभी राहिली की माझी नजर तिच्या चाकाकडं जायची. एसटीत बसलो तरी खाली काय काय माझं असेल असं वाटायचं. सगळ्यांत वाईट म्हणजे मला माणूस आठवेना. हा बोल्ट करायला कोण आलं होतं? कुठला मेकॅनिक? काळा होता की गोरा, घाईत होता की निवांत? मी जेवताना आठवायचो, अंघोळीला आठवायचो. शेकडो हात नमुने पुढं करताना दिसायचे. हातांच्या वर तोंडच नसायचं. बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली कुणाशी बोलताय हो?" तेव्हा कळलं की मी मोठ्यानं विचारत होतो.

आणि दर गुरुवारी दुपारी गुरुजी यायचे.

छत्री भिंतीला लावून स्टुलावर बसायचे. आम्ही पाइप वाकवून, गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून आत पिंजरा बसवत होतो, इंजिनाचं हेड घासून घेत होतो, कार्ब्युरेटर बदलत होतो. ते प्रत्येक गोष्ट विचारायचे आणि समजून घ्यायचे. मी पुढच्या चाकांचे सगळे बोल्ट पुण्याहून कंपनीचे मागवले, तेव्हा त्यांनी विचारलं, "का? तुम्ही इथं करत नाही का?" मी म्हणालो, "काही गोष्टी विकत घ्याव्या लागतात, गुरुजी." दोस्त तोंड फिरवून उभा राहिला. चहा यायचा. चहा पिताना गुरुजी मुलाबद्दल बोलायचे, आणि बोलणं फिरून एकाच जागी यायचं. "अपघाताच्या आदल्या रविवारी त्याला मी म्हणालो होतो, असाच चालवत राहिलास तर एक दिवस मरशील. बापाच्या तोंडून निघालेलं ते. पण चूक त्याचीच ना? तुम्ही सांगा. रस्ता सरळ होता."

मी म्हणायचो, "चहा गार होतोय, गुरुजी."

आठ महिने मी हेच म्हणालो. प्रत्येक बुधवारी ठरवायचो की उद्या सांगायचं. गुरुवारी त्यांची छत्री भिंतीला टेकली की मी चहा सांगायला उठायचो. मला पोलिसांची भीती नव्हती, धंद्याचीही खरं तर नव्हती. त्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं एकदा बघावं आणि पुन्हा कधी बघू नये, याची भीती होती. मी भित्रा होतो, बाकी काही नाही.

रेस थंडीत होती. गुरुजी आमच्या जीपमधूनच आले, मफलर बांधून. दोस्ताच्या वजनामुळं गाडी मीच चालवायची हे आधीच ठरलेलं. गाडी सुरेख बांधली गेली होती. आजही सांगतो, तशी दुसरी आमच्याकडून झाली नाही. निशाण पडलं आणि मी सोडली. पहिली दोन वळणं माझीच होती. तिसरं वळण उजवं. उजव्या वळणाला गाडीचा सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर येतो. तो भार आला आणि टाचेखाली मला त्या चटईचं भोक जाणवलं. चटई तिथं नव्हती. उघडा पत्रा होता. तरी जाणवलं, आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप वर आला. त्यानंतर प्रत्येक उजव्या वळणाला आला. बोल्ट पुण्याचा होता, नवा होता, मी स्वतः दोनदा आवळला होता. कुणी शहाणं माणूस घाबरलं नसतं. माथ्यावर पोचलो तेव्हा घड्याळवाला म्हणाला, "पावणं, लगनाला निघालाय जणू!"

खाली आलो. दोस्त बोनेटवर हात आपटत शिव्या देत होता. गुरुजी जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही वळणं सावकाश घेतलीत. मी बघत होतो. एवढी अक्कल माझ्या मुलाला असती तर आज तो असता."

तो हात खांद्यावर असतानाच मी सांगितलं. बोल्ट, खाच, साधं लोखंड, काळं तोंड, सगळं. भराभरा सांगितलं, थांबलो असतो तर राहून गेलं असतं. दोस्त मध्येच "गप की रं" म्हणाला.

गुरुजींनी हात काढून घेतला. मग विचारलं, "म्हणजे तो वेगात नव्हता?"

"ते मला ठाऊक नाही. पण वेगात नसता तरी गाडी झाडावरच गेली असती."

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"गाडी आणली त्या आठवड्यात."

"आठ महिने," ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा चढला. "बोल्टाचं मी समजू शकतो. माणसाच्या हातून चूक होते. पण आठ महिने तुम्ही मला समोर बसवून चहा पाजलात आणि माझ्या मेलेल्या पोराला माझ्याच तोंडून शिव्या घालू दिल्यात?"

मी जीपचं दार उघडून धरलं.

ते जीपमध्ये बसले नाहीत. रस्त्यापर्यंत चालत गेले आणि एसटीची वाट बघत उभे राहिले. मी मागं गेलो. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या घरी या. हे सगळं त्याच्या आईपुढं सांगा. मी सांगितलेलं तिला पटणार नाही. दोन वर्षं मी तिला उलटंच सांगत आलोय."

दुसऱ्या दिवशी बोल्ट खिशात घालून कळंब्याला गेलो. गुरुजींच्या पत्नी पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं पुन्हा सांगितलं, बोल्ट त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. मी म्हणालो, "मावशी, कुठला मेकॅनिक हा करून घेऊन गेला ते मला आठवत न्हाय. लई आठवून बघितलं."

"मेकॅनिक न्हवता," त्या म्हणाल्या. "त्योच आलता तुमच्याकडं. सोमवारचा दिस, सगळी दुकानं बंद. दुसऱ्या दिवशी कामावर जायाचं हुतं. सांजच्याला घरी आला, लई खुशीत. म्हणाला, आई, उद्यमनगरात एक लई चांगला माणूस भेटला. सुट्टी असून माझ्यासाठी शटर उघडलं, मशीन चालू केली, आन् मला बसवून चहा पाजला."