एका कोपऱ्यातले चाळीस ठिपके

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन होते. लग्न होऊन पुण्याहून आले, नोकरी धरली आणि हट्टी बाई म्हणून नाव कमावलं. ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी किडनीच्या तपासणीचं, म्हणजे क्रिएटिनिनचं, नवीन रीएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, आलं. ते घ्यायचं की नाही हे ठरवायला कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. चाळीस जणांचं रक्त जुन्या आणि नव्या, दोन्ही रीएजंटनी तपासायचं, आकडे भरायचे. मग ते आलेख काढून पास-नापास सांगणार. नेमकी कामगारांची वार्षिक मेडिकल चालू होती. रक्ताच्या नळ्या आयत्या समोर. मी त्यातल्याच चाळीस उचलल्या. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'पास' आलं आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायले.

सही तेवढी राहिली होती. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधले काका रक्त तपासायला आले. नागपूरकडचे, रिटायर्ड टर्नर. क्रिएटिनिनचा आकडा आणखी चढला तर डायलिसिस सुरू करायचं, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. सुई टोचताना माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या चाळिसांत काकांसारखा एकही नव्हता. सगळे धडधाकट. आलेखातले ठिपके म्हणूनच एका कोपऱ्यात गर्दी करून बसलेले, आणि मला ते दिसत असून कळलं नव्हतं. असा राग आला स्वतःचा!

काकांचं रक्त दोन्हींनी लावलं. जुन्याचा आकडा चढलेला. नव्याचा चांगलाच उतरलेला. काका माझ्या मागेच उभे होते आणि त्यांनी नेमका तोच पाहिला.

"उतरलं ना पोरी? टळलं म्हणजे."

"रिपोर्ट घरी आणून देते काका," एवढंच मी म्हटलं. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नव्हतं.

"साइन कर दीजिए ना मॅडम," आमचे साहेब दोन्ही आकडे पाहून म्हणाले. "एक सॅम्पल से क्या होता है?"

"तो और लाती हूँ," मी म्हटलं.

दोन दिवस वॉर्डातल्या सिस्टरचं डोकं खाल्लं आणि किडनीच्या पेशंटांचे नमुने जमवले. नवं रीएजंट एकेका आजारी माणसाला बरं ठरवत होतं. ते आकडे भरले तसं 'पास' गेलं आणि 'नापास' आलं. त्याखाली मी सही ठोकली. साहेब आठवडाभर बोलले नाहीत. न बोलेनात का.

खरा रिपोर्ट घेऊन काकांकडे गेले. ते पायरीवर बसले होते. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे सुरू करा लागते."

"हो काका. चूक माझी. त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"दोन दिवस लै बरं वाटलं होतं, पोरी."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. सोमवारी त्यांना डायलिसिसला मीच घेऊन गेले.