घसाऱ्याची चादर

मला तिचा मत्सर वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो, अगदी हे लिहितानासुद्धा. ती केबिनच्या काचेआड बसलेली माझ्या टेबलावरून सरळ दिसते आणि माझ्या पोटात दुखतं.

आमची कंपनी उन्हापासून वीज करते. वळसंगच्या पुढं माळावर पॅनेलच्या रांगा आहेत, वीज घेणारे कारखाने चिंचोळी एमआयडीसीत आणि हिशेब आमच्याकडं, शहरातल्या ऑफिसात. सोलापुरात ऊन फुकट मिळतं म्हणून कंपनीचा हिशेब सोपा असेल, असं माझ्या नवऱ्याला अजूनही वाटतं. पहिलं पॅनेल उभं राहिलं तेव्हापासून मी इथं आहे. सगळे मला अक्का म्हणतात. आमचं माहेर शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, शेजाऱ्यांशी भांडण मराठीत. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते.

ती जेऊरची. घरची शेती, इथं भाड्याची खोली, शनिवारी गाडीनं घरी. नोकरी करता करता सीए झाली. सीएला मीही बसले होते, पण लग्न, बाळंतपण, सासूचं आजारपण आणि खरं सांगायचं तर कंटाळा, यात ते राहून गेलं. ती पास झाली तेव्हा साहेबांनी पेढे मागवले आणि वाटायला मला सांगितलं. मी वाटले. एक खाल्लासुद्धा. कडू लागला.

डब्याचंही तेच. पूर्वी माझा डबा उघडला की चारी बाजूंनी हात यायचे. आता सगळे तिच्या कडक भाकरीभोवती. शेंगाचटणी तर मीही आणते की! पण नव्याचे नऊ दिवस म्हणून मी वाट बघत बसले, आणि ते नऊ दिवस काही संपेनात.

सीए झाली खरी, पण ताळेबंदाला हात घातल्यावर तिचं घोडं डिफर्ड टॅक्सपाशी अडलं. पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणायची, पण 'म्हणजे काय?' विचारलं की पुन्हा तीच व्याख्या. तेव्हा मीच तिला शेजारी बसवून घेतलं.

"हे बघ," मी म्हटलं, "सासूनं सुनेला लग्नात चादर दिली. सासू म्हणते, पंचवीस वर्षं टिकेल. सून म्हणते, दोन धुण्यांत निम्मी गेली. चादर एकच. आपली कंपनी म्हणजे सासू, पॅनेलची झीज पंचवीस वर्षांवर थोडी थोडी दाखवते. त्या झिजेलाच घसारा म्हणायचं. इन्कम टॅक्सचा कायदा म्हणजे सून, तो बराचसा घसारा पहिल्या काही वर्षांतच धरू देतो. म्हणून सुरुवातीला टॅक्स कमी बसतो. पण पुढं सुनेकडं सांगायला झीजच उरत नाही, तेव्हा जास्त बसतो. तो पुढचा टॅक्स आजच ताळेबंदात लिहून ठेवायचा. झालं!"

"लई सोपं हाय की ओ अक्का!" ती म्हणाली आणि हसत सुटली. तेव्हा मलाही ती आवडली होती.

मग आमचे साहेब निवृत्त व्हायला आले. आजवर ताळेबंद आम्ही करायचो आणि संचालकांपुढं बोलायचे ते. या वेळी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. "बोर्डापुढं तुम्ही दोघी बोला. एकीनं अकाउंटिंग पॉलिसी सांगायच्या, म्हणजे हिशेब कोणत्या नियमांनी मांडलाय ते, दुसरीनं इन्कम टॅक्स. माझी खुर्ची कुणाला द्यायची ते बोर्ड बघेल. अक्का, तुम्ही सीनियर. काय घेताय?"

"पॉलिसी," मी लगेच म्हटलं. अहवालात पॉलिसी आधी येतात, टॅक्स नंतर. म्हणजे तिच्या आधी मी बोलणार. मला तेवढंच दिसलं.

तयारी मी जिवापाड केली. पॅनेलला पंचवीस वर्षं आणि इन्व्हर्टरला कमी का धरतो हे नीट सांगता यावं म्हणून भर उन्हात वळसंगच्या माळावर जाऊन आले. निळी इरकल इस्त्रीला दिली.

बैठकीत माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, "नमस्कार" म्हटलं. चेअरमनसाहेबांनी पानं उलटली. "अकाउंटिंग पॉलिसी ना? त्या दरवर्षीच्याच. वाचलेल्या धरू या. पुढं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मी खाली बसले.

आणि यात नवीन काही नव्हतंच! 'अकाउंटिंग पॉलिसी वाचलेल्या धरण्यात आल्या' हे वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात दरवर्षी टाइप कोण करतं? मीच. तिच्या आधी बोलायच्या नादात माझंच वाक्य मी विसरले.

मग ती उठली. "सर, सासूनं सुनेला लग्नात चादर दिली असं समजा."

चादर आमची! मागाचा खडखडाट ऐकत मी मोठी झाले आणि ही जेऊरची, जिनं आयुष्यात माग पाहिला नाही, ती माझी चादर अंथरून बसली! डुलक्या घेणारे संचालक जागे झाले. "सासू म्हणजे आपण ना?" एकानं विचारलं, आणि सगळे हसले. चेअरमनसाहेब म्हणाले, "इतकी वर्षं सह्या करतोय, हे आज कळलं."

बाहेर आल्यावर तिला कसं सोलायचं ते मी मनात जुळवत होते. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, हे माझं न्हाय. आमच्या अक्कांनी शिकवलंय मला."

माना माझ्याकडं वळल्या. टाळ्यासुद्धा पडल्या. चेअरमनसाहेब खूश झाले. "वा! बाईंना शिकवण्याची हातोटी आहे. मग नव्या मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडंच द्या. आणि सांगणारीला खुर्ची द्या."

निकाल लागला. चोरावर रागावता येतं, पण प्रामाणिक माणसाचा राग कसा करायचा? मी तेही जमवलं.

संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. "अक्का, राग आला का ओ?"

"छे! कशाचा?"

"खुर्ची तुमाला मिळंल वाटलं हुतं मला. म्हणून तर तुमचं नाव घेतलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेही सहन झालं नाही. रडायची पाळी माझी होती, ती पण हिनंच घेतली.

गेल्या महिन्यात तीन नवीन मुली आल्या. शिकवायचंच तर झोकात शिकवावं, म्हणून मी घरून सासूची खरी चादर आणली. सासू गेली, चादर अजून धड आहे. काठ थोडे विरलेत, एवढंच. मी ती टेबलावर पसरली, हात फिरवून सारखी केली आणि सुरुवात केली, "समजा, सासूनं सुनेला लग्नात..."

"अक्का," त्यातली एक मोहरून म्हणाली, "ते चादरीचं माहीत हाय की आमाला! मोठ्या मॅडमनी पयल्याच दिवशी सांगितलं. लई भारी सांगतात ओ त्या."

काचेआड ती फोनवर कुणाशी तरी हसत होती. मी चादरीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"व्हय?" मी म्हटलं. "मग वाचलेलं धरू या. पुढं?"