पुढच्या दाराचं कुलूप

"कुलूप देखीसन मानूस वाट धरस," असं म्हणत अक्का स्वतःच्याच घराच्या पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायच्या, ओढून पाहायच्या आणि बोळातून मागच्या दाराने घरात जाऊन बसायच्या. पिंप्राळ्याच्या कॉलनीत आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. नवरा वारलेला, एकुलती लेक साक्रीकडे दिलेली. दुपार झाली की त्यांचा हा कार्यक्रम ठरलेला.

खरोखर बाजाराला निघाल्या की सगळं उलटं. पुढचं दार आतून बंद, कुलूप मागे, आत रेडिओ मोठ्याने चालू आणि पायरीवर नवऱ्याच्या जुन्या वहाणा. "घरमा कोन शे, कोन नही, चोरले काय समजाव?" असं मला विचारायच्या. एकदा कुत्र्याने एक वहाण पळवली. पुढे आठवडाभर पायरीवर एकच वहाण होती आणि आम्ही त्यांना, घरात एका पायाचा राखणदार ठेवलात का, म्हणून चिडवायचो. त्याही हसायच्या.

पण हे वेड उगाच लागलेलं नव्हतं. लेकीच्या लग्नाआधी दोन माणसं दागिने उजळून देतो म्हणत आली होती. अक्कांनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि लेकीसाठी ठेवलेल्या पाटल्या हातात दिल्या. पाटल्या लखलखीत होऊन परत आल्या. सोनं मात्र त्यांच्या भांड्यातल्या पाण्यात उतरलं होतं. हे कळलं ते लेकीच्या सासरी, सोनाराच्या तराजूवर. आम्हाला फसवलं, सासरचे म्हणाले. त्यानंतर त्यांनी लेकीला माहेरी पाठवलं नाही.

आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर आईच्या घशाखाली घास उतरत नाही. अक्का दरवर्षी सांजोऱ्या करायच्या, डबा भरून ठेवायच्या आणि चार दिवसांनी आमच्या घरी आणून द्यायच्या. "खाई टाका, बाबा," एवढंच बोलायच्या. त्या सांजोऱ्या खाताना मला फार वाईट वाटायचं.

अशाच एका आखाजीला संध्याकाळी नाक्यावरचा रिक्षावाला आला. आम्ही ओट्यावरच होतो.

"अक्का, दुपारी कुठे गेल्या होत्या? तुमची पोर आली होती, दिरासोबत. कुलूप हलवून पाहिलं, थोडा वेळ उभी राहिली. मग मीच परत स्टँडवर सोडलं."

अक्का खाली बसल्या. "कुलूप वाजनं ते मी आयकं," त्या म्हणाल्या. "मी हू की चू करं नही."

कुलूप लागलेल्या घरात कोणी हाक मारत नाही. लेकीनेही मारली नाही. आईची ही युक्ती तिच्या लग्नानंतरची, तिला ती ठाऊकच नव्हती. तिला दिसलं एवढंच, की आखाजीच्या दिवशी आई दाराला कुलूप लावून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने अक्का निघाल्या, सोबत मी. विहिणीने दारातच ऐकून घेतलं. "घरमा बशीसन बाहेर कुलूप लावनारी माय आम्ही नही देखी," ती म्हणाली. लेक तिच्यामागे उभी होती. तिने आईकडे पाहिलं, आणि आत निघून गेली.

त्यानंतर अक्कांनी दाराला कुलूप लावलं नाही. दार दिवसभर उघडं. कोणीही यावं, पाणी प्यावं. एके दिवशी रेडिओ गेला, मग तांब्याची कळशी गेली. मी चिडलो, तर म्हणाल्या, "लई जाऊ दे. मना घरमा आते काय शे?"

काही वर्षांनी थंडीत त्या गेल्या. साक्रीला निरोप पाठवला. उन्हं कलेपर्यंत वाट पाहिली, मग लोकांनी उचललं.

आता त्यांच्या पुतण्याने घर बंद करून ठेवलंय. यंदा आखाजीला बायकोने सांजोऱ्या केल्या आणि अक्कांना चार देऊन ये म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिच्याच लक्षात आलं. तरी मी ताटली घेऊन निघालो. पुढच्या दाराला कुलूप होतं. मी सवयीने बोळातून मागे गेलो.

मागच्या दारालाही कुलूप होतं.