लेकीच्या पायात अडलेलं रक्त

माझं शिक्षण दुसऱ्या बुकापर्यंत. अंगात रक्त असतं एवढंच ठाऊक, ते पण बोट कापलं की येतं म्हणून. ते फिरतं, जातं आणि परत येतं, हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

लेक चार महिन्यांची होती. आमचं घर कोपरीला, घरातले पुरुष मिठागरावर. पाचवीला सासूबाईंनी तिच्या दोन्ही घोट्यांना काळा दोरा बांधलेला, त्यात वेखंडाचा तुकडा. दोरा आपण होऊन तुटेपर्यंत काढायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. पोरगी दुधावर अशी बाळसेदार झाली की पायाला वळ्या पडल्या, आणि उजव्या पायाचा वेखंड एक दिवस अंथरुणात सापडला. आम्हाला वाटलं, दोरा तुटला.

मग एका सकाळी तेल लावताना तो पाय जड लागला. सुजलेला.

"दृष्ट लागली," सासूबाई म्हणाल्या. "दोरा गेला ना, त्याचंच हे." त्यांनी लगेच नवा दोरा बांधला आणि वर हळदीचा गरम लेप दिला. पोर रडत होती, मीच तिला धरून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी लेप धुतला तर बोटं जांभळी, आणि हाताला गार.

मी कोणाला विचारलं नाही. पोर उचलली आणि निघाले.

"अगं, डोक्यावर पदर तरी घे!" सासूबाई मागून धावत आल्या. मी रूळ ओलांडून सरकारी दवाखान्याकडे पळत सुटले. आमच्या शेजारच्या माणसाचा पाय असाच काळा पडून गुडघ्यापासून कापलेला, तो मी पाहिलेला. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. दवाखान्याच्या पायरीवर पोचले तेव्हा धाप लागलेली.

डॉक्टर म्हातारे होते. "पोरी, आधी श्वास घे."

"माझं राहू द्या हो, हिचा पाय बघा!"

त्यांनी नवा दोरा बाजूला सारला, घोट्याची वळी दोन बोटांनी फाकवली आणि मला बोलावलं. आत, मांसात रुतून बसलेला, जुना दोरा. तुटलेला नव्हताच. नुसता वेखंड गळून पडलेला.

"कातरीने काढतो."

"नको!" सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "आपण होऊन तुटायला हवा. नाहीतर पोरीला बाधतं."

मला वाटलं, आता डॉक्टर रागावतील. ते म्हणाले, "आजीबाई, हात द्या." आणि सासूबाईंच्या दंडाला पट्टी आवळली. बघता बघता हातावरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या.

"हृदय, म्हणजे तुमचं काळीज, रक्त ढकलतं. ते खोलातल्या नळ्यांतून जोरात बोटांपर्यंत जातं. परत येतं ते ह्या निळ्या शिरांतून, सावकाश. आवळलं की जाणारं जात राहतं, येणारं अडतं. मिठागरात भरतीचं पाणी घेतच राहिलात आणि बाहेर जायची वाट बुजवलीत तर?"

"बांध फुटेल," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पोरीच्या पायाकडे बघितलं. "मी बांधलाय. मीच कापते. आणा ती कातरी."

"दोरा खोल रुतलाय. मी कापतो, तुम्ही पाय धरा."

त्यांनी धरला. नवा नि जुना, दोन्ही दोरे निघाले. वळीत लाल चर पडलेला. आम्ही तिघं त्या पायाकडे बघत उभे. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण बोटांचा जांभळा रंग हळूहळू ओसरला. आणि पोरीने जो टाहो फोडला!

"रडू दे," डॉक्टर म्हणाले. "रक्त पुन्हा फिरायला लागलं की मुंग्या येतात. पाय वाचला. दोन दिवस उशीर केला असतास तर सांगता आलं नसतं."

मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी लाकडी नळी पोरीच्या छातीला लावून दुसरं टोक माझ्या कानाशी धरलं. आत टकटक टकटक, थांबायचं नावच नाही.

"एवढं भरभर? घाबरलीय का ती?"

"लहानांचं असंच पळतं. घाबरलेलं तुझं आहे, ते मला इथून ऐकू येतंय."

मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या पायाचा दोरा दातांनीच तोडला आणि कनवटीला खोचला.

आम्ही निघताना डॉक्टरांनी एक दाखवलं: पायाचा अंगठा दाबायचा, पांढरा होतो. सोडला की लगेच लाल व्हायला हवा, म्हणजे रक्त पोचतंय. परतताना मी दर चार पावलांवर थांबून दाबायचे. पांढरा. लाल. परत पांढरा, परत लाल.

"अगं पुरे आता, झिजेल तिचा अंगठा," सासूबाई करवादल्या. मग रुळापाशी त्यांनी पोरीला माझ्याकडून घेतलं, पदराआड केलं आणि पाठमोऱ्या होऊन दोनदा दाबून बघितला.

"लाल आहे," त्या म्हणाल्या. "चल."