तुझ्या श्वासाबरोबर दाब

"अजून त्याच गाडीवर का?" असं विचारणाऱ्यांचा मला भारी राग येतो. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांनी दवाखाने थाटले, कुणी परतूरला, कुणी तीर्थपुरीला. मी मात्र इतकी वर्षं अँब्युलन्सवरच डॉक्टर. कंबर गेली, सणवार गेले. पेशंट दवाखान्यात उतरवला की आपला संबंध संपला. पुढं तो जगला की गेला, हेसुद्धा कुणी कळवत नाही. मग राहिलीस कशाला? नीट उत्तर देता येत नाही, म्हणूनच चिडचिड होत असावी.

एक प्रसंग तेवढा सांगते. वाटूरच्या पुढं एका वस्तीवर भरदुपारी बोलावणं आलं. कापूस वेचताना एकाच्या हाताला नाग चावला होता. पस्तिशीचा गडी. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. गाडीत घेईस्तोवर श्वासही बारीक झाला. सोबत बायको आणि थोरला भाऊ चढले. श्वासाचं मशीन जालन्याला, आणि जालना पाऊण तासावर. तेवढा वेळ त्याचा श्वास आम्हीच चालवायचा होता.

त्यासाठी रबरी फुगा असतो. तोंडावर मास्क घट्ट धरायचा आणि फुगा दाबत राहायचं. मास्क धरायलाच माझे दोन्ही हात लागत होते, आणि भाऊ एवढा थरथरत होता की त्याच्या हाती काही देण्यात अर्थ नव्हता. मी बायकोला म्हटलं, तू दाब. तिनं फुगा घेतला आणि भराभर दाबत सुटली. तिलाच धाप लागलेली, तसाच श्वास ती त्याला देत होती. मी जोरात खेकसले. आता आठवलं की लाज वाटते.

"अगं, आधी तू सावकाश श्वास घे. आणि तुझ्या श्वासाबरोबर दाब. तू घेशील तेवढाच त्याला."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. डोळे वाहत होते ते वाहू दिले आणि लांब श्वास घेतला. दाबलं. परत घेतला. त्याची छाती नीट वर यायला लागली.

तिकडं भावानं फोन लावायला सुरुवात केली. न्हाई राह्यला समजा, पाहुण्यांना कळवा, लाकडाचं बघा. मी त्याला झापलं खरं, पण माझ्याही मनात तेच येऊन गेलं. चिमटा काढला तरी बोट हलत नव्हतं. बायको मात्र कुणाचं ऐकत नव्हती. जालना येईपर्यंत तिनं फुगा सोडला नाही.

आठवड्यानं दुसरा पेशंट सोडायला जालन्याला गेले, तर वॉर्डात हा पठ्ठ्या उशीला टेकून वरणभात खात होता. मला इतका आनंद झाला की तशीच त्याच्या खाटेशी गेले. बायको ओळख करून द्यायला लागली तर म्हणाला, आवाजावरून वळखलं.

मी चपापलेच. नागाच्या विषानं अंग लुळं पडतं, पण माणूस आत जागा असू शकतो, हे मी शिकले होते आणि ऐन वेळी पार विसरले होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. लाकडाचंही. त्यावरून त्यानं शेजारी बसलेल्या भावाची चांगली फिरकी घेतली. तो बिचारा मान खाली घालून केळं सोलत राहिला.

फार भ्याला असाल, मी म्हटलं.

"लई भ्यालो. हात हालंना, वरडावं तर तोंड उघडंना. मंग तुम्ही हिला म्हनल्या, तुझ्या श्वासाबरोबर दाब." तो बायकोकडं न बघता म्हणाला, "तवा कळलं, ही हाय. मंग बिलकुल भ्यालो न्हाई."

बायको ताट धुवायला म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही.

तेव्हापासून गाडीतला पेशंट कितीही निपचित असो, मी त्याच्याशी बोलत राहते. कुठवर आलो ते सांगते, सोबत कोण बसलंय ते सांगते. कुणीच नसलं तर सांगते, मी आहे. असं सांगून बसल्यावर सोडून जायचं कसं?