शेवटच्या आउटपर्यंत

चेंडू उंच उडाला की काकू चष्मा कपाळावर सारायच्या. चष्म्याशिवाय त्यांना पुढच्या रांगेतल्या माणसाची टोपीही धड दिसत नसे. त्यामुळे मैदानात काय झालं ते कळायची सोयच उरायची नाही. मग लोकांचा गलका ऐकून त्या माझ्याकडे वळत आणि एखादा रिपोर्ट मागवावा तशा आवाजात विचारत, "काय झालं?"

मी सांगायचो. बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसायचंच.

"असू दे," चष्मा नाकावर घेत त्या म्हणत. "या वर्षी आपलं पिचिंग चांगलं आहे." पिचिंग म्हणजे बेसबॉलमधली गोलंदाजी.

हे वाक्य दर वर्षीचं. एप्रिलमध्ये बेसबॉलचा सीझन सुरू झाला की ते सुरू व्हायचं. जूनपर्यंत आमची टीम तळाशी जाऊन बसलेली असे, तरी वाक्य जागेवरच. तुमच्यापैकी कुणी अशा हरणाऱ्या टीमवर जीव लावला असेल, तर मी कशाबद्दल बोलतोय ते त्याला लगेच कळेल. ज्यांनी लावला नसेल, त्यांनी या काकूंना एकदा भेटायला हवं होतं.

मी डेट्रॉइटजवळ नोव्हायला आलो तेव्हा त्या आमच्या समोरच्या घरात राहायच्या. डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून सगळी नोकरी करून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. काका गाड्यांच्या कंपनीतले जुने इंजिनिअर. आमचं सामान अजून खोक्यांतच होतं, बाहेर एप्रिलमधला बर्फ भुरभुरत होता, आणि या बाई डोक्यावर टीमची टोपी घालून हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन दारात उभ्या. नाव, गाव, कंपनी सगळं विचारून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. मी क्रिकेटवाला का? मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "होईल बरं," त्या म्हणाल्या. "तिकीट काढून ठेवते."

काका क्रिकेटवाले होते आणि त्यांना बरं व्हायचं नव्हतं. ज्या खेळात चहासाठी थांबत नाहीत तो खेळ सभ्य माणसांचा नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते दर रविवारी नव्याने मांडायचे. काकू मॅच लावायच्या आणि काका पेपर उघडायचे. पेपरामागून अधूनमधून शेरा यायचा, की तुझी माणसं आज लवकर हरताहेत, जेवायला वेळेवर बसता येईल.  काकू फक्त टीव्हीचा आवाज वाढवायच्या.

त्यांना हे वेड लागलं कसं, ते एकदा त्यांनीच मला सांगितलं. त्या रेसिडेंट होत्या तेव्हाची गोष्ट. एक म्हातारा पेशंट होता, जन्मभर कारखान्यात राबलेला. त्याचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं आणि भूल द्यायला या नव्या, बारक्या, साडीतून नुकत्याच पँटमध्ये आलेल्या डॉक्टर. घाबरला असेल म्हणून त्यांनी त्याचा हात धरला. तर तो म्हणाला, भूल दे गं बाई, पण आज मॅच आहे, उठवशील तेव्हा पहिल्यांदा स्कोअर सांग. त्यांना बेसबॉलचा ओ की ठो कळत नव्हता. ऑपरेशन संपल्यावर त्यांनी वॉर्डबॉयला विचारून स्कोअर पाठ केला आणि म्हाताऱ्याने डोळे उघडल्यावर सांगितला. टीम हरली होती, सपाटून. म्हातारा जरा वेळ छताकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, उद्या पिचिंग कोण करतंय?

"पोट फाडून शिवलेला माणूस," काकू मला म्हणाल्या, "आणि त्याला उद्याचं पडलं होतं. मी घरी जाऊन रेडिओ लावला."

रेडिओ मग सुटलाच नाही. हॉस्पिटलला जाता-येता गाडीत मॅच चालू असायची आणि मागच्या सीटवर त्यांची एकुलती एक मुलगी सोनाली कानांवर हात ठेवून बसायची. सोनालीला बेसबॉलचा तिटकारा. आपल्या ग्रॅज्युएशनच्या जेवणातसुद्धा आईच्या एका कानात इअरफोन होता, हे ती मोठेपणी सगळ्यांना सांगायची. हसत सांगायची, पण नुसतंच हसणं नव्हतं ते.

आता माझी गोष्ट. मंदीत आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी होतो. ग्रीन कार्डाचं काम अर्धवट, मुलगी लहान, घर नुकतंच घेतलेलं. ओळखीचे लोक येऊन गेले. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेवर बोललं. काकू आल्या आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी मॅच आहे. तू मोकळाच आहेस."

माझी बायको थक्क झाली. मी गेलो, कारण नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

स्टेडियम अर्धं रिकामं होतं आणि आमची टीम पहिल्या इनिंगपासून मार खात होती. नऊपैकी सातव्या इनिंगला लोक उठून पार्किंगकडे निघाले. मीही म्हणालो, की निघू या काकू, ट्रॅफिक लागेल. त्या हलल्या नाहीत. शेवटच्या आउटच्या आधी त्या कधीच उठायच्या नाहीत हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी कारण विचारलं. त्या मैदानाकडेच बघत होत्या. टाके घालून झाले की सर्जन हातमोजे काढून कॉफी प्यायला जातो, त्या म्हणाल्या. भूल देणाऱ्याला जाता येत नाही. ज्याला झोपवलं तो डोळे उघडून आपलं नाव सांगेपर्यंत त्याच्या उशाशी थांबायचं. "मला मधून उठून जाता येत नाही रे. नोकरीने लावलेली खोड आहे."

आम्ही शेवटपर्यंत बसलो. हरलो. गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली फिरवली नाही. "हं, आता बोल," त्या म्हणाल्या. आणि गाड्यांची रांग आमच्यापुढून सरकत असताना त्यांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. काय येतं, कुणाला ओळखतोस, व्हिसाची मुदत काय, बायकोला खरं सांगितलंस का. धीर वगैरे दिला नाही. तपासणी केली. घरी पोहोचल्यावर त्यांनी काकांना पेपर खाली ठेवायला लावला आणि कंपनीत काकांच्या हाताखाली शिकलेल्या एका माणसाला तिथल्या तिथे फोन करायला लावला. त्या माणसाच्या ब्रेकच्या कारखान्यात मला काम मिळालं. मी आजही तिथेच आहे.

त्यानंतर काकूंनी बोलावलं आणि मी मॅचला गेलो नाही, असं क्वचितच झालं असेल.

आणि मग ते वर्ष आलं. खरंच पिचिंग चांगलं होतं. ऑगस्ट संपला तरी टीम वर होती. काकूंच्या आवाजात मात्र फरक नव्हता. इतकी वर्षं मी जे सांगत होते ते आता जगाला दिसलं, एवढाच त्यांचा पवित्रा. ऑक्टोबरात निर्णायक सामना आमच्याच मैदानावर होता. जो हरेल तो घरी. माझ्या बायकोला ऐन वेळी ताप आला आणि तिकीट उरलं. काका म्हणाले, वाया कशाला घालवता, येतो मी. आयुष्यात पहिल्यांदा. बरोबर त्यांनी पेपर आणि मांडीवर घ्यायला शाल घेतली.

पेपर उघडला गेला नाही. शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो. समोरच्यांचे दोन आउट झाले होते, त्यांचे दोन गडी रन काढायच्या वाटेवर बेसवर उभे होते. एक आउट, की जिंकलो. सगळं स्टेडियम उभं होतं आणि काकाही उभे होते. चेंडू उंच गेला. साधा कॅच, शाळेतल्या पोरानेही घ्यावा असा. काकूंनी चष्मा कपाळावर सारला. आमचे दोन खेळाडू दोन बाजूंनी धावत आले, प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल, आणि दोघेही थांबले.

स्टेडियमने जो आवाज केला तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. काकू माझ्याकडे वळल्या. "काय झालं?"

मी मैदानाकडेच बघत होतो. काकांनी सांगितलं. "पडला गं," ते म्हणाले. "दोघांच्या मधोमध पडला."

तोवर बेसवरचे दोन्ही गडी धावत होम प्लेटला पोहोचले होते, म्हणजे त्यांचे दोन रन. काकूंनी चष्मा लावला, फळ्यावरचा स्कोअर नीट वाचला आणि म्हणाल्या, "अजून आपली बॅटिंग आहे." होती. आमचे तीन आउट बघता बघता झाले.

लोक गेले. सफाईवाले वरच्या रांगांतून खाली येऊ लागले. काकू बसूनच होत्या, आणि त्या रडत होत्या. तोंडाने आवाज नाही, फक्त पाणी गालांवरून वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मी त्यांना काकांच्या आजारपणात पाहिलं होतं, बहिणीच्या जाण्याची बातमी आली तेव्हा पाहिलं होतं. अशा कधी पाहिल्या नव्हत्या. मला वाटायचं, इतक्या वर्षांत त्यांना हरायची सवय झाली असेल. त्या जिवणी घट्ट मिटून बसल्या होत्या ते बघून कळलं, की सवय अशी होत नसते. त्या दर वेळी नव्यानेच हरत आल्या होत्या. फक्त आम्हाला दिसू दिलं नव्हतं.

काकांनी शाल आपल्या मांडीवरून काढून त्यांच्या खांद्यांवर घातली.  मग घसा साफ करून म्हणाले, "पुढच्या वर्षी पिचिंग चांगलं असेल."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. "पिचिंग चांगलंच होतं," त्या म्हणाल्या. "कॅच सुटला. इतकी वर्षं क्रिकेट बघून तेवढंही कळलं नाही?"

आणि मग त्या उठल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये काकूंचा फोन आला, तिकिटं काढली आहेत म्हणून. त्यानंतरच्या दोन हंगामांत काका मॅचच्या वेळी पेपर उघडत, पण पान उलटत नसत. नंतर काका गेले. काकू त्या वर्षीही मैदानावर आल्या, पण पायऱ्या चढताना माझा हात धरू लागल्या. गुडघे कुरकुरत होते. हिवाळ्यात घरासमोरच्या बर्फावर घसरून पडल्या, तेव्हा सोनाली विमानाने आली आणि आपल्याकडे मिनेसोटात ईडन प्रेरीला न्यायचं ठरवूनच आली.

काकूंनी वाद घातला नाही, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं. फक्त सामान बांधताना म्हणाल्या, की मिनेसोटाची टीम म्हणजे आपली कायमची दुश्मन, त्यांच्या गावात म्हातारपण काढायचं. मी म्हटलं, मग टोपी घालून फिरू नका तिकडे. "वा," त्या म्हणाल्या. "तिथेच तर घालायला हवी. तिथे कुणीतरी आपलं नको का?"

त्या टोपी घालूनच विमानतळावर गेल्या. फोन यायचे, बहुधा मॅच चालू असतानाच. शेजारच्या म्हाताऱ्याशी त्यांनी भांडण आणि मैत्री दोन्ही जमवली होती. तो त्यांच्या टीमला नावं ठेवायचा आणि त्यांच्या दारातला बर्फ उपसून द्यायचा. गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या हॉस्पिटलातून परतल्या नाहीत. सोनालीने फोनवर सगळं नीट, डॉक्टरच्या मुलीसारखं सांगितलं. शेवटी सांगितलं, की मी आईचा हात सोडला नाही, शेवटपर्यंत तिथेच बसून होते. 

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी तिचा पुन्हा फोन आला. मी टीव्हीसमोर होतो. तिने विचारलं, "दादा, तुम्ही गेम बघताय?" मी हो म्हणालो. तीही बघत होती. का लावला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आम्ही पाच रनांनी मागे होतो. अधूनमधून ती एखादा नियम विचारायची, मी सांगायचो.

"इज इट ऑलवेज लाइक धिस?" एकदा तिने विचारलं.

"बहुतेक वेळा," मी म्हणालो.

 मला वाटलं, आता फोन ठेवेल. ठेवला नाही. आठव्या इनिंगला आमच्या एका पोराने बॅट घुमवली आणि चेंडू वर गेला, खूप वर. तिच्या टीव्हीवरचं चित्र माझ्यापेक्षा किंचित पुढे असावं, कारण तेवढ्यात फोनमधून तिचा श्वास अडकल्याचा आवाज आला.

"ओ दादा," ती हळूच म्हणाली.

तिच्या घरी काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्याकडे चेंडू अजून हवेत होता.