दांडीच्या किनाऱ्यावरचं प्रवाळ

आमच्या सरांनी बारा वर्षं प्रवाळ शिकवलं होतं आणि एकदाही ते समुद्रकाठी पाहिलं नव्हतं. हे त्यांनीच आम्हाला बोईसर स्टेशनवर एसटीची वाट बघताना सांगितलं. एकोणीसशे साठचं दशक अर्धं सरलं होतं. भूशास्त्राचे आम्ही नऊ विद्यार्थी, त्यात मुलगी मी एकटी. तिथून जवळच्या दांडी गावच्या खडकांत प्रवाळ मिळतं असं सरांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि सर आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाबाहेरच्या माणसावर विश्वास ठेवून निघाले होते.

ओहोटी लागली होती. तीन तास आम्ही काळ्या खडकांवरून घसरत, हातोड्या आपटत, टेप धरून मोजमापं घेत फिरलो. मिळालं ते शेवाळ, कालवं आणि एकाच्या गुडघ्याला जखम. शेवटी गावाच्या कडेला, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी सर एकदम खाली वाकले. उठले तेव्हा हातात पांढरट, बारीक छिद्रांचा दगड होता.

"प्रवाळ!" सर म्हणाले.

भिंगातून त्यांनी तो उलटसुलट पाहिला. मग, जीवाश्माची एक जुनी चाचणी म्हणून, जिभेला लावून पाहिला. "किंचित चिकटतो," ते गंभीरपणे म्हणाले. आम्ही सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्याकडे शाईची दौत होती, म्हणून दगडावर नमुना क्रमांक एक लिहिण्याचा मान मला मिळाला.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक बाई आली. काष्टा घट्ट मारलेला, पन्नाशीची. आमच्या टेपकडे बघून तिनं विचारलं, "आता हे पन घर मोजताय काय?"

जवळच अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं. टेप घेऊन येणाऱ्या माणसांनी आसपासच्या लोकांची झोप उडवली होती. सर घाईघाईनं म्हणाले, "नाही हो बाई, आम्ही फक्त दगड बघायला आलोय."

"दगड?" तिचं लक्ष सरांच्या हाताकडे गेलं. "तो तर माजा हाय. सासरा द्वारकेला गेलता गलबतावरनं, तवा आनलान. टाचा घासते मी त्याच्यानं."

कुणी हसलं नाही. हसायची छाती कुणाचीच नव्हती. सरांनी खिशातून रुमाल काढला, आधी ओठ पुसले, मग दगड पुसून दोन्ही हातांनी तिला दिला. माझी शाई मात्र निघेना.

"मावशी, माझ्याकडून चूक झाली," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे गो. टाचेला काय वाचता येतंय?" मग सरांचं तोंड बघून तिला दया आली असावी. "मास्तर, शिंपल्याचे दगड पायजेत तर आमची विहीर बघा की. सगळी त्याचीच हाय."

विहिरीच्या काठावर बसूनच आम्ही दुपारी पोळी-भाजी खाल्ली होती. सर गुडघ्यांवर बसले. प्रत्येक दगडात वाळूनं बांधलेले शिंपले होते, शंख होते, एकावर एक दाटून बसलेले. भूशास्त्राच्या हिशेबात ते कालपरवाचे, पण समुद्र कधीकाळी इथपर्यंत आला होता याचा तो पुरावा होता, आणि आम्ही त्यावर चटणी सांडली होती. सरांनी संध्याकाळपर्यंत एकेका दगडाचं चित्र काढून घेतलं. मावशी मधूनच येऊन, शंख ओळखून, त्यातला कोणता चवीला बरा ते सांगत होती.

अहवालात सरांनी आमच्याकडून लिहून घेतलं, "प्रवाळ आढळले नाही. शिंपल्यांचा खडक ग्रामस्थ महिलेने दाखवला." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला, सहलीचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. आम्हाला वर्गात सर्वांत कमी गुण पडले. आजारपणाचं कारण सांगून घरी राहिलेल्या दहाव्या मुलानं पुस्तकातला प्रवाळभित्तीचा नकाशा रंगीत खडूंनी काढला होता. त्याला पहिला नंबर मिळाला.

पुढच्या वर्षीच्या मुलांकडून कळलं, की प्रवाळाच्या धड्याशी आले की सर आता थांबतात आणि म्हणतात, "किनाऱ्यावर जिवंत प्रवाळ मी स्वतः पाहिलेलं नाही." नंतर मीही शिक्षिका झाले. न पाहिलेलं पुष्कळ शिकवलं, अगदी ठणकावून. सरांचं ते साधं वाक्य वर्गासमोर म्हणायला मला मात्र कधी जमलं नाही.